मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मास्तरांचा डावा बूट वर्षानुवर्षं नवाकोरा राहायचा. उजव्याचं मात्र काही खरं नसायचं. पंज्याखालचा तळ झिजून झिजून पातळ व्हायचा आणि एक दिवस मास्तरांचा मोजा थेट जमिनीला लागायचा. बूट दुरुस्त करणाऱ्याने एकदा न राहवून विचारलं, की साहेब, तुम्ही लंगडी घालत कामाला जाता का? मास्तर तिथल्या स्टुलावर बसले आणि त्याला नीट समजावून सांगू लागले. आपण गाडी चालवायला शिकवतो. शिकणारा स्टिअरिंगवर, आपण शेजारी. आपल्या पायाखाली आपला वेगळा ब्रेक असतो. त्याने वेळेवर दाबला नाही तर आपण दाबायचा. आणि त्याने दाबला तरी आपण दाबायचाच, त्याचा भरवसा काय?

मास्तर कसे आहेत ते यापुढे वेगळं सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

अर्ध्या गावाने गाडी त्यांच्याकडेच शिकली होती. दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाई, बेकरीवाला, बँकेतला तो सदा घाईत असलेला साहेब, सगळे मास्तरांच्या शेजारी घाम गाळून गेलेले. छपरावर पाटी लावलेली मास्तरांची पांढरी गाडी चौकात बंद पडली की मागून भोंगे वाजवणाऱ्यांत निम्मे त्यांचेच विद्यार्थी असत. ज्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे शिकवताना मास्तरांच्या नाकी नऊ आले होते, तेच आता खिडकीतून डोकं काढून नव्या शिकाऊला अक्कल शिकवत. मास्तर त्यांना आरशातून ओळखत आणि मनातल्या मनात परत नापास करत.

शिकवणं संपलं की मास्तर गाडीतून उतरून वळसा घालून शिकणाऱ्याच्या खिडकीशी जात, हात पुढे करत आणि म्हणत, "झालं. आता तुझी तू." बाप्या असेल तर "तुझा तू." मोठी माणसं असतील तर "तुमचे तुम्ही." एवढंच. पण हे ऐकताना बँकेतल्या साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात.

घरी आल्यावर बूट निघायचे, पाय मात्र निघत नसे. बायकोने कपात चहा ओतायला घेतला आणि चहा काठाकडे चढू लागला, की मास्तरांचा उजवा पंजा जमिनीवर दाबला जायचा. टीव्हीत कुणी जिन्यावरून धावत उतरलं, की दाब. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला, की दाब. सोफ्यासमोरची सतरंजी नेमकी तेवढ्याच जागी विरली, तेव्हा बायकोने तिथे एक जाड पायपुसणं टाकून दिलं आणि विषय मिटवला. लग्नानंतर मास्तरांनी तिलाही शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्याच धड्याला ती भर चौकात गाडी तशीच सोडून उतरली आणि चालत घरी आली. त्या धड्याबद्दल दोघंही आजवर बोललेले नाहीत.

राहिली मुलगी. घरात तिला ठमी म्हणत. ती मोठी झाली, शिकली, चष्म्याचे नंबर काढायच्या कामात पारंगत झाली, तरी ठमीच राहिली. लायसन्स तिने केव्हाच मिळवलं होतं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने तिची तोंडभरून तारीफ केली होती, तीही मास्तरांच्या समोर. पण मास्तरांनी तिच्या खिडकीशी जाऊन हात पुढे केला नव्हता. बाकीच्यांना महिन्या-दीड महिन्यात मोकळं करणारा हा माणूस पोटच्या पोरीला वर्षं झाली तरी शिकवतच होता. तिने गाडी काढली की हे शेजारी हजर. भाजी आणायला निघाली तरी हजर.

अशात डिसेंबरमध्ये ठमीला नोकरी लागली. दूरच्या एका शहरात, पगार चांगला, काम तिच्या आवडीचं. शाळाशाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे. अट एकच होती. तपासणीच्या सामानाची गाडी स्वतः चालवायची, एकटीने. नवीन वर्ष लागलं की रुजू व्हायचं.

मास्तर जेवता जेवता म्हणाले, की नोकरी उत्तम आहे, पण गाडीचं काय?

ठमी म्हणाली, की मी चालवते की. मास्तर म्हणाले, चालवतेस, पण मी असतो तेव्हा. बायको म्हणाली, मग एकदा तुम्ही नसताना चालवू द्या. त्यावर मास्तरांनी विचारलं, की मी नसताना ती कशी चालवते ते मला कसं कळणार? बायकोने कपाळावर हात मारला आणि भात वाढला.

पण ठमीही त्यांचीच मुलगी. तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"नाताळच्या सुट्टीत मावशीकडे जायचंय ना, तर गाडी मी नेते. बाजार, हायवे, घाट, सगळं मीच. तुम्ही शेजारी बसा. वाटेत एकदाही तुम्हाला तुमचा ब्रेक मारावा लागला, तर मी फोन करून नोकरीला नाही सांगते. नाही लागला, तर मी जाणार, आणि तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मास्तरांनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच, की बायकोने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला तेव्हाच कळलं असावं. तो रस्ता मास्तरांच्या पायाखालचा होता. त्या रस्त्यावर, नाताळच्या गर्दीत, त्यांच्या ब्रेकशिवाय कुणी घाट चढून गेलंय हे त्यांना मान्यच नव्हतं. ठमी हरणार याची त्यांना खात्री होती. आणि खरं सांगायचं तर ती हरावी असंच त्यांना वाटत होतं. न्हाणीघरातून ओरडून टॉवेल मागणारी, त्यांच्या वर्तमानपत्राचं पान आधी पळवणारी, चहा काठोकाठ ओतून मुद्दाम त्यांच्या पायाकडे बघत हसणारी पोरगी गेली, तर त्या घरात राहायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते ब्रेकबद्दल बोलत राहिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री मास्तरांचा जुना दोस्त, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. पण नाताळच्या आधी त्याच्याकडे अख्खं गाव लोटायचं. जो तो सुट्टीला निघालेला, आणि ज्याला त्याला आपली गाडी आधी हवी. मास्तर संध्याकाळी गेले तेव्हा मिस्त्री एका गाडीखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, की तुमचं सगळं झालंय, चावी खिळ्याला आहे, मावशींना नमस्कार सांगा. मास्तर गाडी घेऊन आले.

रोज पहिल्या धड्याआधी मास्तरांचा एक नेम असे. गाडी बंद असताना शेजारच्या सीटवर बसून आपला ब्रेक दाबायचा आणि वाकून बघायचं, की शिकणाऱ्याच्या बाजूचा ब्रेकही सोबत खाली जातो ना. दोन्ही ब्रेक एका जाड तारेने जोडलेले. त्या तारेला केबल म्हणतात. मास्तरांचा सगळा जीव त्या केबलीत.

त्या सकाळीही ते वाकले होते. पण तेवढ्यात बायकोने केकचा खोका त्यांच्या हातात दिला. बेकरीवाल्याने, म्हणजे मास्तरांच्याच एका माजी विद्यार्थ्याने, वरून पांढऱ्या क्रीमची फुलं काढून दिली होती आणि बजावलं होतं, की हिसका बसला तर फुलं गेली. बायको म्हणाली, धरा जरा, मी मागे बसते. मग बॅगांवरून वाद झाला. मग ठमीने कागदाची मोठी चांदणी आणली, मावशीच्या दारावर लावायला, आणि ती कुठे ठेवायची यावर आणखी वाद झाला. शेवटी छपरावरची पाटी काढून तिथे बॅगा बांधल्या, चांदणी मागच्या काचेला टेकवली, केक बायकोच्या मांडीवर गेला आणि वाकून बघायचं राहून गेलं. नेहमीप्रमाणे तिघांचे फोन बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकले. चालत्या गाडीत फोन नाही, हा मास्तरांचा नियम घरच्यांनाही लागू होता.

निघता निघता त्यांनी पायाने आपला ब्रेक हलकेच चाचपून पाहिला. नेहमीपेक्षा सुटसुटीत वाटला. मिस्त्रीने तेल घातलेलं दिसतंय, असं म्हणून ते खूश झाले.

बाजाराच्या रस्त्यावर दुकानं सजली होती. एक दुकानदार शिडीवर चढून दिव्यांची माळ बांधत होता. माळेचं दुसरं टोक सुटून रस्त्यावर लोंबकळलं आणि ते पकडायला त्याची बायको सरळ गाडीसमोर आली. मास्तरांचा पाय बसला. गाडी थांबली. बाईने माळ उचलली, हात दाखवून माफी मागितली आणि गेली.

संपलं. पहिल्याच चौकात संपलं. त्यांनी ठमीकडे पाहिलं. ती गाणं गुणगुणत गिअर टाकत होती. तिला काही पत्ताच नव्हता. सांगावं का आता? मास्तरांनी विचार केला. आता सांगितलं तर पुढचा सगळा रस्ता ही डोळे पुसत चालवणार. शिवाय बायको केकसकट उतरून घरी चालत जाईल, त्या बाबतीत तिला अनुभव आहे. पोचल्यावरच सांगू, असं ठरवून मास्तर मूग गिळून बसले.

एकदा दाबला म्हणजे ठमी पैज हरलीच होती, त्यामुळे पुढे त्यांनी पायाला आवरलंच नाही. हायवेला लागले तर जिकडेतिकडे सुट्टीला निघालेलं जग. गाड्यांच्या खिडक्यांत उशा, टपांवर सायकली, मागच्या काचांतून जिभा काढून दाखवणारी पोरं. ठमी मागे राहून शांतपणे चालवत होती, मास्तर सारखे दाबत होते. पुढच्या एका गाडीच्या टपावर गुंडाळलेली गादी होती. दोरी कुणी बांधली होती देव जाणे. उताराला ती दोरी सुटली, गादी हवेत उघडली आणि रस्त्याच्या मधोमध आडवी झाली, जणू कुणी येऊन झोपणारच आहे. मास्तरांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी न घसरता, न वाकडी होता, गादीच्या अलीकडे उभी राहिली. ठमीने मागचे दिवे लावले, मागून येणाऱ्यांना हात काढून इशारा केला. पुढच्या गाडीतला गृहस्थ धावत आला, गादी काखोटीला मारली आणि मुलांवर ओरडत परत गेला.

"केक?" ठमीने विचारलं.

बायकोने खोका उघडून बघितला. म्हणाली, फुलं जागेवर आहेत.

माझ्यामुळे, असं मास्तर मनात म्हणाले. त्या क्षणी त्यांना एकाच वेळी फार बरं आणि फार वाईट वाटत होतं. पोरगी घरी राहणार होती. आणि पोरीला अजून जमत नव्हतं.

घाटात धुकं होतं. वळणावर समोरून बस आली, रस्ता अरुंद, दोघांपैकी कुणीतरी मागे जायला हवं. बसवाला भोंगा दाबून बसला. ठमीने आरशात बघत, मान वळवत, दरीच्या कडेला गाडी इंच इंच मागे घेतली आणि एका रुंद जागी नेऊन थांबवली. मास्तर जीव मुठीत धरून दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. बस गेली. ड्रायव्हरने जाता जाता ठमीला मान लवून दाद दिली. ती आपल्यालाच आहे असं समजून मास्तरांनीही मान लवली.

वर चहाच्या दुकानाशी थांबले, तेव्हा त्यांना उतरता येईना. पोटरीत गोळा आला होता. बायकोने विचारलं, की नुसतं बसून बसून पायाला काय झालं? मास्तर म्हणाले, आखडला. तिने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण. जन्मभर शाळेत मुलींना खेळ शिकवले, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही आवाजात शिट्टी होती. घरात भांडण झालं की निकाल तिने द्यायचा आणि तो सगळ्यांनी ऐकायचा, अशी पद्धतच पडली होती. तिने फाटक उघडून गाडी आत घेतली, ठमीची पाठ थोपटली, केक टेबलावर ठेवला, चांदणी दाराला टांगली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं.

बायकोने मोठ्या कौतुकाने पैजेची हकीकत सांगितली. आणि म्हणाली, की बघ, घाटसुद्धा आणला पोरीने.

मास्तरांनी घास खाली ठेवला. "मला बोलायचंय," ते म्हणाले. "मी ब्रेक दाबलाय. बाजारात दाबला. गादी पडली तेव्हा दाबला. घाटात तर किती वेळा, मोजदाद नाही."

ठमीचा चेहरा पडला. मग ती हळूच म्हणाली, की बाबा, पण तिथे सगळीकडे मीही दाबला होता.

"दाबला असशील. माझ्यानंतर."

"आधी."

"तुला कसं कळणार? दोन्ही ब्रेक जोडलेले. माझा दाबला की तुझाही खाली जातो. तुला वाटतं तू दाबलास."

ते तर खरंच होतं. बायको म्हणाली, की यांचा दणका मला माहीत आहे, लग्न झाल्यापासून खातेय. यांनी इतक्या वेळा दाबला असता तर ही फुलं माझ्या मांडीवर आली असती. मास्तर म्हणाले, केकची साक्ष चालत नाही. सगळे मावशीकडे बघू लागले. मावशीने बराच विचार केला, दोघांना पुन्हा एकेक प्रसंग विचारला आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली, की याचा निकाल मला देता येत नाही. दोघांनी दाबला, गाडी थांबली, कुणामुळे थांबली ते कोण सांगणार?

ठमी उठली. हात धुऊन आली.

"राहू दे मावशी. बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी दाबला म्हणतात तर दाबला. ठरलं ते ठरलं." आणि तिने आईकडे फोन मागितला. नोकरीवर घेणाऱ्या बाईंनी सुट्टीतही फोन करायला सांगितलं होतं. नाही म्हणायचं तर लवकर म्हणावं, त्यांना दुसरं माणूस शोधायला बरं.

मास्तरांना वाटलं होतं ती भांडेल. रुसेल, आदळआपट करेल. ती इतक्या मुकाट्याने ऐकेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि ते बघून त्यांनी ताट बाजूला सारलं. बायकोने पर्समधून तिघांचे फोन काढले आणि एकेक करून सुरू केले. मास्तरांचा सुरू झाला तसा लगेच वाजायलाच लागला. मिस्त्रीचा होता. तेवढंच निमित्त मिळालं म्हणून मास्तर फोन घेऊन अंगणात आले.

"मास्तर, कुठे आहात? निघाला नाहीत ना अजून?"

"पोचलो. जेवतोय."

मिस्त्रीने विचारलं, "चालवली कोणी? तुम्ही ना?"

"ठमीने."

"मेलो," मिस्त्री म्हणाला. "मास्तर, तुमच्या बाजूच्या ब्रेकची केबल इथे माझ्या टेबलावर पडलीय. गंजली होती, नवी टाकू म्हणून सोडवली, तेवढ्यात दुसरी गाडी आली आणि साफ विसरलो. सकाळी डबा ठेवायला गेलो तर ही समोर. तेव्हापासून फोन लावतोय तुम्हाला. तुमचा ब्रेक कशालाच जोडलेला नाही. शिव्या घाला, काय वाट्टेल ते करा, पण गाडी हलवू नका म्हणजे तिला नीट…"

मास्तरांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी गाडीचं दार उघडलं, खाली गुडघे टेकले आणि आत वाकून बघितलं, सकाळी बघायचं राहिलं होतं तसं. आपल्या ब्रेकवर हात ठेवून दाबला. तो खाली गेला, आणि आपल्या स्प्रिंगने वर आला. पलीकडचा ब्रेक जागचा हललाही नाही.

ती गादी. ती दरीची कड. तिथे आपण नव्हतोच. आपण सगळा रस्ता हवेत पाय मारत आलो, आणि हे सगळं ज्याच्यावर सोडून जीव मुठीत धरून बसलो होतो, त्या ब्रेकची केबल गावात मिस्त्रीच्या टेबलावर होती. ते तसेच गाडीच्या पायरीला टेकून बसले. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली. माळ उचलणारी बाई आली, गाडी थांबली होती. गादी पडली, गाडी थांबली होती. ज्या ज्या वेळी त्यांनी दाबला, त्या त्या वेळी गाडी थांबली होती, त्यांना हवी तिथे, त्यांना हवी तशी. त्यांचा पाय आणि पोरीचा पाय एकाच वेळी पडत आला होता. त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, आणि तिने ते अगदी पायात उतरवून घेतलं होतं.

खिडकीतून ठमी दिसली. फोन कानाला लावून उभी होती.

मास्तर आखडलेल्या पायाने धावत आत गेले. "ठेव," ते म्हणाले. "फोन ठेव."

"लागलाय, बाबा. रिंग जातेय."

"ठेव म्हणतो ना."

तिने ठेवला. मास्तरांना दम लागला होता. त्यांनी टेबलाच्या कडेला धरून मिस्त्रीने सांगितलं ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बायकोला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ती जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो गोळा, ती म्हणत राहिली, तो पोटरीतला गोळा. मावशी म्हणाली, निकाल लागला, आणि केक कापायला सुरी आणायला गेली.

हसत नव्हती ती ठमी. ती पांढरीफटक पडून खुर्चीत बसली होती.

"म्हणजे ती गादी…"

"तू."

"आणि घाटातली बस?"

"तीही तूच."

"बाबा, मला वाटत होतं तुम्ही आहात," ती म्हणाली. "म्हणून तर मी एवढी निवांत होते."

"मलाही तेच वाटत होतं," मास्तर म्हणाले.

आता घोडं दुसरीकडेच अडलं. चार दिवस मावशीकडे मजेत गेले, खाणं झालं, फिरणं झालं, पण परतीचा विषय निघाला की ठमी बाबांकडे चावी सरकवायची. ती म्हणायची, माहीत नव्हतं म्हणून आणली, आता माहीत आहे. मास्तर चावी परत तिच्याकडे सरकवायचे. नाश्त्याच्या टेबलावर ती चावी इकडून तिकडे फिरत राहिली. निघायच्या सकाळी मास्तरांनी बॅगा बांधल्या, दोरी दोनदा ओढून बघितली, आणि मग कुणाला काही न बोलता मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले. बायको बाहेर उभीच राहिली. तिने विचारलं, की मी कुठे बसू? मास्तर म्हणाले, पुढे. माझा पाय दुखतोय.

ठमीने गाडी सुरू केली. घाटाच्या पहिल्या वळणावर बायकोच्या पाठीत सीटच्या मागून दणका बसला. दुसऱ्या वळणावर आणखी एक. ती म्हणाली, अहो, लाथा मारू नका. मास्तरांनी माफी मागितली आणि वाकून बूट काढून ठेवले, म्हणजे तिला लागू नये. पुढची वळणं बारीक बारीक धक्के बसत राहिले, मग एखाददुसरा, मग धक्के यायचे थांबले. हायवेला लागल्यावर बायकोने मागे वळून पाहिलं. मास्तर खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. तोंड उघडं, पाय सैल सोडलेले. चालत्या गाडीत झोपलेला हा माणूस तिने लग्नापासून कधी पाहिला नव्हता. तिने ठमीला कोपराने ढोसलं. ठमीने आरशातून बघितलं आणि गाडी आणखी हळुवार चालवायला घेतली.

गाडी दाराशी थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा त्यांना जाग आली. गाव आलं, बाजार आला, चौक आला, त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी डोळे चोळले. मग दार उघडून तसेच मोज्यांवर उतरले, उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक, आणि वळसा घालून ठमीच्या खिडकीशी आले. तिने काच खाली केली.

मास्तरांनी हात पुढे केला. "झालं," ते म्हणाले. आवाज बसला होता, झोपेमुळे असेल. "आता तुझी तू."

ठमीने हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी बायकोने मागून बूट आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, आधी हे घाला, जमीन गार आहे.